बसलेला कण आणि जडलेला कण : धातूच्या पृष्ठभागावरील अब्जांश कणांचे रासायनिक बंधन

डहाणू तालुक्यातील चिंचणी हे समुद्रकाठचे गाव दागिन्यांचे डाय घडविणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर पाने, फुले, मणी यांची नक्षी कोरावयाची आणि तिच्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा दाबून ती पत्र्यात उठवावयाची, असा हा धंदा. डाय आणि पत्रा क्षणभर एकमेकांना भिडतात आणि नंतर त्यांचे मार्ग वेगळे होतात. सोन्याचा पत्रा उघडा पडून राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. पोलादाच्या डायला मात्र वेळच्या वेळी तेलाचा हात दिला नाही, तर त्या खाऱ्या हवेत पावसाळ्याचे थोडे दिवसही त्याच्या नक्षीवर तांबूस गंज चढविण्यास पुरेसे होतात. एकाच मेजावरील या दोन धातूंच्या प्रकृतीत जो भेद आहे, तोच प्रस्तुत लेखाच्या विषयाचे मूळ होय.

गेल्या तीन-चार दशकांत धातूच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म कण बसवून त्याला नवे गुण देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. पोलादावर सिलिकाचे किंवा सिरियम ऑक्साइडचे कण बसविले तर गंजाला अटकाव होतो. चांदीचे कण बसविले तर जंतूंची वाढ खुंटते. सोन्याच्या गुळगुळीत थरावर सोन्याचेच कण बसविले तर दोहोंमधील फटीत प्रकाश विलक्षण तीव्र होतो. या साऱ्यांचे वर्णन करताना कणांच्या गुणांचे कौतुक पुष्कळ होते; परंतु कण धातूवर कशाने धरला आहे, हा प्रश्न बहुधा एका वाक्यात आटोपण्यात येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. आणि ज्या किनाऱ्यावर धातूवरून निखळलेला प्रत्येक कण शेवटी खाडीत उतरावयाचा, तेथे तर तो केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहत नाही.

प्रथम कणांच्या आकाराविषयी थोडे सांगावयास हवे. एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते. ज्यांची लांबी-रुंदी एक ते शंभर नॅनोमीटर आहे, अशा कणांना मराठीत अब्जांश कण म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पाच नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण घेतला तर त्यात सुमारे ३,९०० अणू असतात आणि त्यांपैकी जवळजवळ पाव भाग अणू पृष्ठावर असतात. एक ग्रॅम सोने अशा कणांत विभागले, तर त्या सर्वांच्या पृष्ठांचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटरांहून अधिक होईल. म्हणजे एखाद्या साध्या अंगठीइतके सोने प्रशस्त घराची जमीन व्यापू शकेल. पृष्ठावरील अणूला आतील अणूइतके शेजारी नसतात. त्याचे काही हात मोकळे राहतात. त्यामुळे असे कण स्वभावतः अस्वस्थ असतात. ते एकमेकांना बिलगतात, भांड्याला बिलगतात, हवेतील कशालाही बिलगतात. म्हणून ‘कण धातूला चिकटला’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. न चिकटला असता तरच आश्चर्य वाटावयाचे!

मायकेल फॅरडे याने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचे असे कण पाण्यात तरंगत ठेवून माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. त्या द्रवात मीठ घातले की त्याचा लाल रंग जाऊन निळसर छटा येते, हेही त्याने नोंदविले. कारण आज उघड आहे. कणांवरील सजातीय विद्युत्भारामुळे ते एकमेकांपासून दूर राहत होते. मिठातील आयनांनी त्या भाराचा प्रभाव झाकला आणि कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनले. डहाणूच्या खाडीचे चमचाभर पाणी हेच काम करील. केवळ विद्युत्भाराच्या किंवा आयनांच्या आधारावर रचलेली व्यवस्था खाऱ्या पाण्यात किती ठिसूळ ठरते, याचा हा जुना आणि स्वस्त पुरावा होय.

बसणे आणि जडणे यांतील फरक समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ काडीने लावतात. पाणी उडून जाते आणि पिठाचे कण भिंतीच्या खडबडीत पोटात बसून राहतात. त्यांच्यात आणि मातीत असलेले आकर्षण दुबळे असते. ओला हात फिरवला तर रेघ पुसली जाते. त्यात त्या चित्राचा कमीपणा मुळीच नाही. ते मंगल कार्यासाठी काढलेले असते, कायम टिकावे म्हणून नव्हे. जेथे कण काढता यावा असे वाटते, तेथे दुबळा बंधच योग्य.

याउलट कल्हईचे उदाहरण घ्यावे. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो आणि मग कथिल फासून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवितो. प्रेक्षकांचे लक्ष चकाकणाऱ्या कथिलाकडे असते. परंतु खरे काम नवसागराने केलेले असते. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळसर पापुद्रा असतो आणि त्याच्यावर कथिल धरत नाही. नवसागरातून निघणारे आम्ल तो पापुद्रा काढून टाकते. उघड्या तांब्याशी वितळलेल्या कथिलाची गाठ पडते आणि सांध्याशी तांबे व कथिल यांचे एक नवे संयुग तयार होते. कल्हई झिजते, परंतु पापुद्र्यासारखी सुटून येत नाही, याचे कारण हे की भांडे आणि कल्हई यांच्यामधील सीमारेषाच नाहीशी झालेली असते. धातूवर काही जडवावयाचे असेल तर आधी धातूच्या अंगावर काय आहे ते पाहावे, हा धडा कल्हईवाल्यांना रसायनशास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी ठाऊक होता.

आता सोन्याकडे वळू. सोन्यावर ऑक्साइडचा पापुद्रा साधारणतः नसतो, म्हणून त्याच्याशी थेट व्यवहार करता येतो. परंतु ऑक्सिजनकडे पाठ फिरविणारे सोने गंधकाकडे मात्र ओढले जाते. ज्या कार्बनी रेणूंच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते त्यांना थायॉल म्हणतात. १९८३ मध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा या अमेरिकन संशोधकांनी असे दाखविले की गंधकयुक्त कार्बनी रेणूंच्या द्रावणात सोन्याचा पत्रा बुडवून ठेवला, तर ते रेणू आपण होऊन त्याच्यावर एकेरी, सुव्यवस्थित थर रचतात. अशा थरात गंधकाचे टोक सोन्याला धरते, कार्बनाच्या साखळ्या किंचित तिरप्या होऊन शेजारी शेजारी उभ्या राहतात, भाताच्या आव्यात गर्दीने उगवलेली रोपे वाऱ्याने एका बाजूस कलावीत तशा. लगतच्या दोन गंधकांमधील अंतर अर्धा नॅनोमीटर असते. एका चौरस सेंटिमीटरवर अशा रेणूंची संख्या सुमारे साडेचार कोटी गुणिले एक कोटी इतकी होते. सोने-गंधक बंध तोडावयास दर मोलला चाळीस ते पंचेचाळीस किलोकॅलरी ऊर्जा लागते. कार्बन-कार्बन बंधाच्या मानाने ही निम्म्याच्या आसपास, परंतु पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या हायड्रोजन-बंधाच्या मानाने कितीतरी पट अधिक.

या थराला दुसरे टोक आहे, आणि तेच आपल्या कामाचे. साखळीच्या दोन्ही टोकांना गंधक असला तर एक टोक पत्र्याला आणि दुसरे टोक कणाला धरील. रेणू म्हणजे दोन बाजूंचा आकडा होईल. १९९२ मध्ये कोल्व्हिन, गोल्डस्टाइन आणि अलिव्हिसाटोस यांनी बर्कली येथे नेमके हेच केले. सहा कार्बनांच्या साखळीला दोन्हीकडे गंधक असलेला रेणू त्यांनी सोन्यावर रचला आणि त्याच्यावर कॅडमियम सल्फाइडचे कण आणून बांधले. अर्धवाहक पदार्थाचे अब्जांश कण धातूच्या पृष्ठावर सहसंयुजी बंधांनी जडविल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. त्याच निबंधात ॲल्युमिनियमवरही कण जडविल्याचे वर्णन आहे. मात्र तेथे गंधकाऐवजी आम्लगटाची योजना करावी लागली. त्या वेळी हा तपशील गौण वाटला असेल. पुढे आपण पाहू त्याप्रमाणे पोलादाच्या बाबतीत सारा प्रश्न त्याच तपशिलात दडलेला आहे.

एक कण असे किती आकड्यांनी धरला जात असेल? कण गोल आणि पत्रा सपाट. त्यामुळे कणाच्या तळाशी थोडीच जागा पत्र्याच्या पुरेशी जवळ येते. पाच नॅनोमीटरांच्या कणासाठी हिशेब केला तर ती जागा सुमारे तीन चौरस नॅनोमीटर भरते आणि तेवढ्या जागेत दहा-पंधरा रेणू मावतात. यांतील प्रत्येक रेणूचे दुसरे टोक कणाला लागेलच असेही नाही. तरीही पाच-सात आकडे एकदम सुटण्याचा संभव फार थोडा, म्हणून कण टिकतो. कण मोठा झाला की आकड्यांची संख्या वाढते, परंतु त्याहून झपाट्याने कणाचे वजन आणि प्रवाहाची ओढ वाढते. म्हणून मोठा कण अधिक घट्ट बसेल ही समजूत खरी नव्हे.

येथे नवख्या विद्यार्थ्याची हमखास होणारी एक फसगत सांगितली पाहिजे. दोन्हीकडे गंधक असलेली लांब, लवचीक साखळी घेतली तर ती पुष्कळदा कमानीसारखी वाकते आणि तिची दोन्ही टोके त्याच पत्र्याला धरतात. वर कणासाठी काहीच उरत नाही. विद्यार्थी पत्रा कणांच्या द्रवात बुडवितो, पत्र्याला छान जांभळट छटा येते, तो समाधानाने वहीत ‘कण जडले’ असे लिहितो. आणि अल्कोहोलने दोनदा धुतल्यावर ती छटा बशीत उतरते. कण बसले होते, जडले नव्हते. यावर उपाय म्हणून ताठ साखळीचे, बेंझिनच्या कड्याचे रेणू वापरतात, अथवा दोन टोकांना दोन भिन्न गट ठेवतात.

महाराष्ट्रात या विषयाचे काम परके नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात गंधकयुक्त कार्बनी रेणूंनी वेढलेल्या झिंक सल्फाइडच्या कणांवर संशोधन केले. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने त्याच सुमारास एका टोकाला गंधक व दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल आम्लगट असलेल्या ताठ रेणूंनी चांदीचे कण वेढले आणि त्यांचे थर कसे रचता येतात याचा अभ्यास केला. चांदी गंधकाकडे, आम्लगट दुसऱ्या कोणाकडे, अशी ही द्विमुखी योजना पुढील कामाला फार उपयोगी पडली.

धुऊन पाहणे ही परीक्षा प्रामाणिक असली तरी पुरेशी नाही. कारण दुबळ्या आकर्षणाने बसलेले कणही कधी कधी धुण्याला दाद देत नाहीत. बंध आहे की नाही, हे विचारावयाचे तर ते गंधकालाच विचारले पाहिजे. क्ष-किरणांनी अणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर काढावयाचे आणि त्यांची ऊर्जा मोजावयाची, ही पद्धत स्वीडनच्या काई सीगबान यांनी विकसित केली आणि त्यांना १९८१ मध्ये भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सोन्याला धरलेल्या गंधकाचा इलेक्ट्रॉन सुमारे १६२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बंधनऊर्जा दाखवितो. मोकळ्या थायॉलच्या गंधकाच्या बाबतीत हाच आकडा १६३.५ ते १६४ यांच्या दरम्यान येतो. दीड-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा फरक, पण ‘बसलेला’ आणि ‘जडलेला’ यांतील भेद त्यात स्पष्ट उमटतो. मात्र अशी मोजणी निर्वात पोकळीत होते. समुद्राच्या पाण्यात बंधाचे काय होते, ते हे यंत्र सांगू शकत नाही.

सोन्यावर कण जडविण्याचा उपयोग काय, असे वाचक विचारतील. एक उपयोग या परिसराला जवळचा आहे. रेणूंवर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून विखुरतो, हा चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८ मधील शोध. रेणू खडबडीत चांदीवर बसलेला असला तर हा विखुरलेला प्रकाश लक्षपटींनी वाढतो, याची पहिली निरीक्षणे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. सोन्याच्या थरावर एका नॅनोमीटरच्या फटीने जडविलेले कण हे अशा पत्रिकेचे सुधारलेले रूप होय. फटीची रुंदी साखळीच्या लांबीने ठरते, म्हणून ती नेमकी राखता येते. थायरम या बुरशीनाशकाच्या रेणूत गंधक असतो आणि तो सोन्याचांदीला आपण होऊन धरतो. त्यामुळे फळाच्या सालीवरील त्याचा अल्प अंशही अशा पत्रिकेवर ओळखता येतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागाईतदाराला आपल्या फळाविषयी ग्वाही द्यावयाची झाली, तर अशी पत्रिका कामी येईल. अर्थात कण निखळणारे असतील, तर एकाच चिकूची दोन मोजणीत दोन उत्तरे येतील, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु चिंचणीपासून तलासरी तालुक्यातील झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर सोन्याचा प्रश्न फारसा कोणाला भेडसावत नाही. भेडसावतो तो लोखंडाचा. घरांवरचे पत्रे, विहिरीवरचे पंप, होडीतील खिळे आणि यंत्रे, खांबांतील सळ्या, सर्वांवर समुद्रावरून येणारे मीठ सतत बसत असते. मिठातील क्लोराइड मोठे कावेबाज असते. ते लोखंडाशी संयोग पावते, लोखंड पाण्याच्या साहाय्याने गंजात रूपांतरित होते आणि क्लोराइड मोकळे होऊन पुन्हा नव्या लोखंडाकडे वळते. थोड्या मिठाने पुष्कळ लोखंड खाल्ले जाते ते यामुळे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो; म्हणून सळीवरचे काँक्रीट फुटते आणि रंगाचे पापुद्रे उठतात.

पोलादावर थायॉल चालत नाही असे नाही, पण भरवसा धरता येत नाही. कारण पोलादाचे जे अंग आपल्याला दिसते ते मुळी पोलादाचे नसतेच. साध्या हवेतही त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो आणि त्या थराच्या बाहेरच्या बाजूस ऑक्सिजन-हायड्रोजनचे, म्हणजे हायड्रॉक्सिलचे गट उभे असतात. कल्हईवाल्याप्रमाणे तो थर काढावा, तर क्षणार्धात पुन्हा येतो. तेव्हा शहाणपणाचा मार्ग असा की थराशी भांडण करण्याऐवजी त्याच्याशीच नाते जोडावे. ज्या रेणूंना हायड्रॉक्सिलची ओढ आहे ते येथे कामी येतात. सिलेन आणि फॉस्फोनिक आम्ले ही त्यांतील दोन मोठी कुळे होत.

सिलेनच्या रेणूत मध्ये सिलिकॉनचा अणू असतो. त्याच्या एका हाताला कार्बनाची साखळी आणि उरलेल्या तीन हातांना मद्यार्कापासून आलेले गट असतात. पाण्याशी संबंध आला की हे तीन गट गळून त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल येतात. असा रेणू पोलादावर टेकला की त्याचा हायड्रॉक्सिल आणि पोलादाच्या थराचा हायड्रॉक्सिल यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मागे सिलिकॉन-ऑक्सिजन-लोह असा पूल उरतो. शंभर अंशांच्या किंचित वर तापविले की पाणी निघून जाते आणि पूल पक्के होतात. शेजारचे सिलेन एकमेकांशीही असेच जोडले जाऊन जाळे बनते. कण सिलिकाचा असेल तर त्याच्या अंगावर हायड्रॉक्सिल असतातच. तोही याच जाळ्यात गुंफला जातो. कण वेगळ्या जातीचा असेल तर साखळीच्या टोकाला त्याला साजेसा गट ठेवावा लागतो.

इतके झाल्यावर काम संपले असे वाटते; खरी अडचण येथेच सुरू होते. ज्या क्रियेने पाणी बाहेर टाकून पूल बांधला, तीच क्रिया पाणी मिळताच उलट चालू शकते. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा पूल पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. परंतु सिलिकॉन-ऑक्सिजन-लोह हा पूल त्या मानाने लवकर तुटतो. पाणी हेच या बंधाचे जनक आणि पाणी हेच त्याचे वैरी. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात महिनोन्महिने टिकलेला नमुना जुलै महिन्यात बोर्डीच्या किनाऱ्यावर किती दिवस टिकेल, याचा अंदाज पुण्यात बसून बांधता येणार नाही. यावर एक उपाय असा की साखळीच्या दोन्ही टोकांना सिलिकॉन असलेला रेणू घ्यावयाचा. त्याला तीनऐवजी सहा हात मिळतात, जाळे दाट होते आणि पाण्याला आत शिरण्यास वेळ लागतो. फॉस्फोनिक आम्लाच्या फॉस्फरसाला तीन ऑक्सिजन असतात आणि ते ॲल्युमिनियम, टायटेनियम यांच्या ऑक्साइडांना सिलेनपेक्षा अधिक नेटाने धरून राहतात. पोलादावर त्यांचे यश पृष्ठाच्या तयारीवर पुष्कळ अवलंबून असते. तिसरा एक मार्ग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखविला. डायॲझोनियम क्षारांना विद्युत्प्रवाहाने इलेक्ट्रॉन देऊन त्यांतील बेंझिनचे कडे पृष्ठाला जोडावयाचे. हे १९९२ मध्ये प्रथम कार्बनावर आणि नंतर लोखंडावर साधले. यात पाणी सोडवू शकेल असा ऑक्सिजनचा पूल मध्ये नसतो. तत्त्वतः ही पद्धत उत्तम. परंतु होडीच्या अंगाला ती कशी लावावी, हा प्रश्न अजून कारखान्याच्या दारातच उभा आहे.

आणखी एक विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. टायटेनियम ऑक्साइडचे कण उन्हातील अतिनील किरण शोषून कार्बनी पदार्थ जाळतात. या गुणासाठीच त्यांना ‘आपोआप स्वच्छ होणाऱ्या’ पृष्ठावर बसवितात. परंतु कणाला धातूशी बांधणारी साखळीही कार्बनीच असते! कण प्रथम आपलीच दोरी जाळतो. झिंक ऑक्साइडच्या कणांची गोष्ट निराळी. तेथे दोरी शाबूत राहूनही कण पाण्यात हळूहळू विरघळत जातो. तेव्हा बंध बळकट असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

हे सारे केवळ धातूच्या आयुष्यापुरते असते, तर गंजलेला पत्रा बदलून भागले असते. परंतु डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित झाला आहे. तालुक्यातील वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि त्याला मच्छीमारांचा विरोध दीर्घकाळ चालत आलेला आहे. त्या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु समुद्रात पोलाद उभे राहिले की त्याच्यावर लेप येणार आणि लेपांत अब्जांश कण येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. खाडीतील कालवे आणि शिंपल्या पाणी गाळून आपले अन्न मिळवितात. पाण्यात जे बारीक असेल ते त्यांच्या अंगातून जाते. आणि ओहोटीच्या वेळी त्याच कालवांवर बायाबापड्यांची चार पैशांची मिळकत अवलंबून असते.

या बाबतीत जगाने एकदा किंमत मोजलेली आहे. जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिलाची कार्बनी संयुगे असलेला रंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरीत. तो रंग हेतुपुरस्सर झिरपणारा होता. झिरपणे हाच त्याचा गुण होता. फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोसळली, त्यांचे शिंपले विद्रूप होऊ लागले, तेव्हा या रंगाकडे बोट दाखविण्यात आले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. म्हणजे पहिल्या बंदीपासून सव्वीस वर्षे गेली. चांदीच्या किंवा तांब्याच्या कणांचा लेप हा त्या रंगासारखाच घातक आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु तो झिरपणारा आहे की जडलेला, हे विचारल्यावाचून तो खाडीत उतरू देऊ नये, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

लेपांच्या नेहमीच्या परीक्षेत मिठाच्या पाण्याचे तुषार पत्र्यावर दिवसेंदिवस उडवितात आणि गंज केव्हा दिसतो ते पाहतात. परीक्षकाचे डोळे पत्र्यावर असतात. पत्र्यावरून ओघळलेले पाणी मोरीत जाते. प्रस्तुत लेखकाची सूचना एवढीच की ते पाणी बाटलीत भरावे. त्यात धातूचे आयन किती आणि अखंड कण किती, हे वेगवेगळे मोजणारी वर्णपटमापन-पद्धत आता उपलब्ध आहे. तीत द्रवाचा अतिशय विरळ फवारा तप्त आयनद्रायूतून नेतात. विरघळलेला धातू सलग, मंद संकेत देतो आणि प्रत्येक अखंड कण एकेक ठळक ठिपका उमटवितो. आयन आढळले तर कण विरघळतो आहे. ठिपके आढळले तर बंध तुटतो आहे. रोग दोन आणि उपायही दोन.

असे नमुने प्रयोगशाळेत न ठेवता किनाऱ्यावरच टांगावेत. चिंचणीच्या खाडीत भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, जेथे पोलाद दिवसातून दोनदा भिजते व दोनदा वाळते, तेथे गंजाची आणि बंधाची खरी कसोटी लागते. साधे पोलाद, केवळ कण बसविलेले पोलाद आणि सिलेनने कण जडविलेले पोलाद, असे तीन पत्रे एकाच चौकटीत बांधून ज्येष्ठाच्या अखेरीस सोडावेत आणि नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागतील तेव्हा वर काढावेत. चौकटीखाली, थोड्या अंतरावर, खाडीतलीच चार कालवे जाळीत ठेवावीत. पत्र्यांचे मोजमाप करावयाचे त्याच दिवशी त्यांचेही करावे.